भिंत तेवढी काढ

"बाईने लेखाखाली नाव घालायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही... हे कुठल्या शुभवर्तमानात लिहिलंय, बाई?"

सुवार्ता उजागरे पायरीशी उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती. दीनाबाई ओसरीवर चिंचा फोडत होत्या. मिशनच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मुलींना मराठी शिकवलं होतं. सुवार्ताला लिहायचा नाद लावला तोही त्यांनीच.

"कुठल्याच नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? ते चिंचोके डब्यात टाक."

सुवार्ताने चिंचोके डब्यात आपटले.

चर्चच्या मंडळीच्या शतकमहोत्सवाचा अंक निघणार होता. तो घरोघरी जाणार होता. त्यात तिची कथा घेतली होती आणि कथेखाली छापणार होते, 'एक भगिनी'.

"पाळकसाहेबांच्या प्रवचनाखाली नाव. हिवाळेकाकांच्या कवितेखाली नाव, वर कोटातला फोटो. त्यांना गर्व चढत नाही, मला तेवढा चढतो!"

"हिवाळ्यांना आणखी चढायला जागा कुठे उरलीय?"

सुवार्ताला हसू आलं, म्हणून ती जास्तच चिडली.

"हसण्यावारी नेऊ नका. पाळकसाहेब म्हणतात, ख्रिस्ती लेखकाचं यश म्हणजे नम्रता."

"कुणाची?"

"माझी!"

"हं..."

"तुम्ही सांगा ना. ख्रिस्ती माणसाने लिहिलं, तर आपण यशस्वी झालो असं त्याने म्हणायचं तरी कधी? नाव झालं तर तो गर्व. नाही झालं तर ती देवाची इच्छा. म्हणजे आमचं तोंड दाबायचं आणि वर आम्हीच आमेन म्हणायचं!"

बाईंनी पदराला हात पुसले.

"कथा आणलीस?"

सुवार्ताने पिशवीतून कागद काढले.

कथा मंडळीच्या कबरस्तानाची होती. तिथे मधोमध कमरेएवढी दगडी भिंत आहे. ज्यांचे पणजोबा गावातून मंडळीत आले, त्यांच्या कबरी भिंतीच्या अलीकडे, संगमरवरी. गावकुसाबाहेरून आलेल्यांच्या पलीकडे, घाणेरीच्या झुडपांत. सुवार्ताच्या वडिलांनी वर्षानुवर्षं मुलांची रविवारची शब्बाथशाळा चालवली. गेल्या उन्हाळ्यात त्यांना पलीकडे मूठमाती दिली. त्यांच्या हाताखाली गाणी शिकलेली पोरं भिंतीच्या अलीकडे उभी राहून गात होती.

"तुझं नाव लिहिलंयस, त्यावर बोट ठेव," बाई म्हणाल्या.

तिने ठेवलं.

"आता 'भिंत' लिहिलंयस, त्यावर ठेव."

तिने पान उलटून त्या शब्दावर बोट ठेवलं.

"यातलं एक पुसायचं. कुठलं पुसशील?"

"एकही नाही."

"एक पुसायचं म्हटलं मी."

"आणि मी एकही नाही म्हटलं! दर वेळी पुसायचं ते मीच का?"

बाईंनी नवी चिंच फोडायला घेतली. सुवार्ताच्या कानशिलांपर्यंत राग चढला. विचारलं ते कशाला मग?

तेवढ्यात फाटक वाजलं. मंडळीच्या कमिटीतले दोघे ज्येष्ठ आत आले, पुढे हिवाळेकाका, मागे कदममास्तर.

"सलाम, बाई. ही इथेच आहे का? बरं झालं," हिवाळेकाका म्हणाले. "अजून गाल फुगलेलेच का गं? आता तोंड गोड कर. कमिटीने तुझं ऐकलं. नाव छापायचं ठरलं."

"माझं?"

"तुझंच! ठळक अक्षरात, फोटोसकट. आपल्या मंडळीची पहिली लेखिका!"

सुवार्ताच्या डोळ्यांपुढे आई आली. तिला जेमतेम वाचता येत होतं. लेकीच्या नावावरून बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचणारी आई... क्षणभर सगळा राग उतरला.

"फक्त," हिवाळेकाका म्हणाले, "ती भिंत तेवढी काढ."

"कुठून?"

"कथेतून गं! महोत्सवाला बिशपसाहेब येणार. आपल्या घरातलं त्यांच्या पुढ्यात कशाला मांडायचं?"

कदममास्तरांनी समजुतीचा सूर लावला. "बाळ, भिंतीवाचून काही अडत नाही तुझ्या कथेचं. मुलगी बापाच्या कबरीवर फुलं ठेवते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आणखी काय पाहिजे?"

"कुठल्या बाजूला ठेवते, मास्तर?"

"आता ते... तेवढ्या खोलात कोण जातंय?"

सुवार्ताने बाईंकडे पाहिलं. बाई चिंचेची शीर सोलत होत्या. मान वर नाही.

म्हणजे यातही आपण एकटीच.

"भिंत मी बांधलेली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही ती कबरस्तानातून काढा. मी त्याच दिवशी कथेतून काढते. तोवर त्यातला शब्द हलणार नाही. आणि खाली नाव माझंच राहील."

"मग अंकात येणार नाही हो!" हिवाळेकाकांचा कोट ताठ झाला. "बस कवटाळून. आम्ही एवढी वाट करून देतोय, आणि तुला यश नको?"

"पप्पा आज पलीकडून उठून आले आणि त्यांनी ही कथा वाचली, तर 'पोरी, खोटं का लिहिलंस' असं ते म्हणणार नाहीत. माझं यश तेवढंच. तुमच्या अंकात ते मावत नसेल, तर नका छापू."

तिने कागदांची घडी करून पिशवीत घातली.

हिवाळेकाकांनी कदममास्तरांकडे पाहिलं. कदममास्तरांनी स्वतःच्या चपलांकडे.

दीनाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पदर खोचला.

"मास्तर, तुमच्या घरी पहार आहे ना?"