नागकेशराचे रोप

घाट उतरून गेल्यावर जिथे सदाहरित अरण्य दाटत जाते, तिथे सोनूबुवा नावाचे एक वृद्ध राहत असत. अरण्यातल्या मोठ्या वृक्षांची रोपे ते वाढवीत आणि कुणी बोलावले तर दूरच्या गावी जाऊन बागही मांडून देत. कोणते झाड कुठे शोभेल आणि कुठे जगेल हे शिकायला अनसूया नावाची एक शिष्या पाच वर्षे त्यांच्यापाशी होती.

एकदा घाटावरच्या शहरातून एक व्यापारी आले. त्यांचे नाव मुकुंदशेठ. त्यांनी नवे घर बांधले होते आणि घरापुढे ऐसपैस अंगण सोडले होते.

"बुवा, मला नागकेशर हवा," ते म्हणाले. "रोप नको, वाढलेलं झाडच हवं. आई ऐंशीची झाली. तिचं माहेर इथलंच, या रानातलं. दारात मोठा नागकेशर होता. आता ते घर नाही, झाडही कुणी तोडून नेलं. चैत्र आला की ती खिडकीशी बसते आणि म्हणते, 'आता फुलला असता.' दिवसभरात दुसरं काही बोलत नाही."

बुवांच्या वाडीत दोन पुरुष उंचीचा एक नागकेशर उभा होता. त्याला कळ्या धरल्या होत्या. मुकुंदशेठ त्याच्यापुढे जाऊन थांबले. "हाच द्या. यंत्र आणतो, मुळासकट उचलतो."

बुवा मांडवाखाली गेले आणि वीतभर उंचीचे एक रोप घेऊन आले. "हे न्या."

"याला फुलं कधी यायची?"

"बारा वर्षं. पंधराही लागतील."

"बुवा, आई तोवर..." शेठ पुन्हा कळ्यांच्या झाडाकडे वळले.

"मला ठाऊक आहे," बुवा म्हणाले. "तरी हेच न्या. लावायला मी येतो."

दुसऱ्या दिवशी शेठ, बुवा आणि अनसूया शहरात पोचले. अंगणाच्या मधोमध खड्डा तयार होता. बुवांनी तो बुजवायला लावला आणि कोवळ्या रोपाला ऊन सोसणार नाही म्हणून एका बाजूच्या जुन्या शेवग्याच्या सावलीत रोप लावले. मग ते म्हातारीकडे गेले.

"माई, याला पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या कुणी नाही."

"मला तांब्या उचलवत नाही रे बाबा."

"मग अर्धा न्या."

परतीच्या वाटेवर अनसूयेला राहवेना. "बुवा, हे निष्ठुर झालं. आपल्याकडे कळ्यांचं झाड होतं. त्या बाईंना एक फूल हातात घ्यायचं होतं, एवढंच."

बुवा वाटेतच थांबले. "पोरी, नागकेशराचं सोटमूळ खोल जातं. ते तोडून उचललेलं झाड काही महिने हिरवं दिसतं, मग वाळतं. माईंच्या डोळ्यांदेखत वाळलं असतं. जे एकदा गेलं, ते त्यांना पुन्हा जाताना पाहावं लागलं असतं. आणि मुकुंदशेठना वाटतं, आईची ओढ शमवावी. माहेर गेलं, माणसं गेली. ती ओढ एका फुलानं कशी शमेल? अशा ओढीला हाताशी काही काम द्यावं लागतं. नाहीतर ती माणसाला खिडकीशी बसवून ठेवते."

अनसूयेला ते पटले, असे मात्र नाही.

पावसाळा सरल्यावर ती रोप पाहायला गेली. माई रोपापाशी पाटावर बसल्या होत्या. रोपाला नवी पालवी फुटली होती. लाल, कोवळी, खाली झुकलेली.

"ये गो, बघ," माई म्हणाल्या. "अशीच पानं असायची. आम्ही मुली ती बाहुल्यांना नेसवायचो. आणि हा मुकुंद इथपर्यंत फरशी घालणार होता! म्हटलं, आठ पावलं तरी मोकळी सोड, याचा पसारा तू पाहिलेला नाहीस. रस्त्याच्या कडेलाही पाच लावायला सांगितलेत. गर्द सावली देतो, वर्षाला लाल पालवी धरतो. येणारी-जाणारी माणसं घडीभर थांबतील."

माई त्यानंतर चार वर्षे जगल्या. रोप त्यांच्या कमरेइतके झाले. फूल त्यांनी पाहिले नाही.

माई गेल्याची वार्ता कळल्यावर अनसूया भेटीला गेली. मुकुंदशेठ हातात तांब्या घेऊन रोपाशी वाकले होते. ती जवळ गेली. "त्यांना एकदा तरी फूल दिसायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," शेठ म्हणाले. "पण वास कसा असतो ते तिनं मला सांगितलं. रोज पाणी घालताना सांगायची. सकाळी झाडाखाली गेलं की आधी काहीच जाणवत नाही. मग वारा फिरला की एकदम येतो. परकराच्या ओच्यात फुलं घेतली की दोन दिवस कापडाला राहतो. धाकटी बहीण तापानं निजली होती, तेव्हा तिच्या उशाशी ठेवली होती म्हणे..." त्यांनी तांब्यातले उरलेले पाणी रोपाला घातले. मग हळूच म्हणाले, "अजून दहा वर्षं तरी लागतील, नाही?"

त्यांच्या स्वरात घाई नव्हती. तो वास त्यांनी जन्मात कधी घेतला नव्हता, तरी त्यांना त्याची आठवण येत होती.

अनसूयेला आता काही विचारायचे उरले नव्हते. ती त्यांच्याशेजारी खाली बसली आणि रोपाच्या बुडाशी उगवलेले गवत उपटू लागली.