डी म्हणजे खाली

“...पण फादर, मी चुकीचं काय सांगितलं?”

इजिदोर सरांनी पुन्हा तेच विचारलं.

वसईतल्या एका जुन्या चर्चच्या मागच्या अंगणात म्हातारे फादर दुमिंग खुर्चीत बसले होते. समोरच्या बाकावर सर. लहानपणी फादरांनीच त्यांना लॅटिन शिकवलं होतं. आता सर कॉलेजात इंग्रजी शिकवत. कुठलाही शब्द दिसला की त्याचा उपसर्ग सुटा करायचा आणि अर्थ समोरच्याच्या हातावर ठेवायचा, समोरच्याला हवा असो वा नसो. लग्नाच्या पंगतीत बायको ब्रिजित सोडली तर सगळे त्यांच्या शेजारची खुर्ची टाळत. सरांना वाटे, आपला मान राखतात.

“पहिल्यापासून सांग,” फादर म्हणाले.

“ब्रिजित डॉक्टरकडून आली. म्हणाली, मला डिप्रेशन आहे म्हणतात.”

“मग?”

“मी नीट समजावलं. डी म्हणजे खाली. प्रेस म्हणजे दाबणं. खाली दाबलं जाणं.”

“बरोबर आहे.”

“मग इम्प्रेशन, सप्रेशन, कॉम्प्रेशन... तिला सोपं जावं म्हणून.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. ताटं उचलली... दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरी निघून गेली.”

सरांनी खिशातली किल्ली काढून बाकावर ठेवली.

“घर खायला उठतं, फादर. संध्याकाळी कुलूप काढायला नको वाटतं. एकटाच बोलत बसतो. ऐकायला कुणी नाही.”

फादर ऐकत होते.

“हे सगळं तुम्हीच शिकवलंत. आता तुम्हीच सांगा. तिच्यासमोर जाऊन काय बोलू? कुठला शब्द?”

फादर खुर्चीतून सावकाश उठले. बाकावर सरांच्या शेजारी येऊन टेकले. त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

आणि गप्प बसले.

...

सर उत्तराची वाट पाहत राहिले. अंगणात वाऱ्यानं पाचोळा इकडून तिकडे जात होता. कितीतरी दिवसांत कुणी त्यांना हात लावला नव्हता. हळूहळू ते वाट पाहायचंही विसरले आणि ओक्साबोक्शी रडले.

फादरांनी हात सोडला नाही.

...

अंधारायला लागलं तेव्हा सरांनी डोळे पुसले. छाती जरा हलकी झाली होती. तरी सवय जात नाही.

“फादर, मी एवढं विचारलं. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत.”

“तिनं तुला काय विचारलं होतं?”