धावदोरा

"मग ते दुरुस्तीवाले घरी जातात काहून, भन्तेजी?"

पौर्णिमानं हातातली पुडी ओट्यावर आपटली. विहाराच्या ओसरीत भन्ते विमलज्योती फाटकं चीवर सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

चीवर घेण्याआधी भन्ते शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनीच तिला समजावलं होतं. किरणांच्या यंत्राचा शेक बसला की पेशीतला नाजूक धागा तुटतो. पेशी वाढायची थांबते, आपल्या दुरुस्तीवाल्या प्रथिनांना हाक मारते. ते धावत येतात, तुटकी टोकं धरतात, सांधतात. सांधून झालं की पेशीच त्यांना वाटेला लावते.

हे शेवटचं तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

समोरच्या दवाखान्यात तिच्या चिनूच्या पोटातल्या कॅन्सरच्या गाठीला शेक चालू होता. लेकराची कातडी काळवंडली होती. पोटात घोटभर पेज ठरत नव्हती.

"वाटेला लावते म्हणे! माझी लेक होरपळली अन् हे निघाले! वैद्यानं पुडी दिली आहे. म्हणाला, यानं दुरुस्ती थांबणारच नाही. आज देतेच मी तिला."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारू? तेच तर जाळून राहिले."

भन्ते शिवत राहिले.

"बोला ना! तुम्ही घरदार सोडून मोकळे झाले. पोटच्या गोळ्याची आग तुम्हाला काय समजते!"

बोलली अन् स्वतःच दचकली. पण शब्द काही माघारी घेतला नाही.

सुई थांबली... पुन्हा चालू लागली.

"पोरी, हे दुरुस्तीवाले फक्त चांगल्या पेशीतच राहतात का?"

"मग अजून कुठं?"

"गाठीतही तेच. तिचा धागा तुटावा म्हणून तर शेक. तुझी पुडी आधी कोणाला सांधेल, ते वैद्यानं सांगितलं का?"

पौर्णिमाचा चेहरा उतरला. मग तिनं पुडी उचलली आणि अशी भिरकावली, की अंगणात भुकटीच भुकटी झाली.

"घ्या! झालं समाधान? आता मी काय करू? हातावर हात ठेवून लेकराकडे बघत बसू? आईनं काहीच करायचं नाही?"

भन्त्यांनी चीवर तिच्यापुढे धरलं. बारीक, पक्की शिवण. तिच्या कडेनं लांब टाक्यांचा, कच्चा पांढरा धावदोरा. त्यानं कापडाला चुण्या पडल्या होत्या.

"ओढ."

"उसवेल ना!"

"ओढ."

तिनं रागारागानं हिसका दिला. दोरा सरसर निघून आला. शिवण जागची हलली नाही. चुण्या गेल्या.

"यानंच धरून ठेवलं, तेव्हा तुमची शिवण जमली," ती तणतणली. "अन् काम झालं की उपटा त्याला! हा कुठला न्याय?"

भन्ते तिच्या हाताकडे बघत होते. बोलता बोलता तिनं तो दोरा बोटाला गच्च गुंडाळला होता. बोट निळं पडत होतं.

"तोही सोड," भन्ते म्हणाले. "उद्या पुन्हा शेक आहे... चिनूला धरायला हात रिकामा लागेल."