सोस्पेत्तो नावाचं चीज

या मंडळी, तळघरात या. डोकं सांभाळा. फळ्यांवरचे हे दगडासारखे कडक गोल मेंढीच्या दुधाच्या चीजचे. मेंढीला आमच्या भाषेत 'पेकोरा' म्हणतात, म्हणून इटलीभर हे 'पेकोरीनो'. आमच्या मोन्तेलाना गावात मात्र याचं नाव 'सोस्पेत्तो'. म्हणजे संशय.

फार पूर्वी गावीना नावाची एक विधवा आपल्या मेंढ्या घेऊन डोंगरापलीकडून इथे आली, असं सांगतात. ती दार लावून चीज करायची. गावातलं मऊ चीज लगेच आंबायचं, हिचं वर्ष उलटलं तरी टिकायचं. त्यात ही घालते तरी काय, अशी कुजबुज सुरू झाली. अशातच गावप्रमुख बाकीसियोचा थोरला मुलगा तापाने गेला. आदल्या दिवशी त्याने तिच्याकडचं चीज खाल्लं होतं म्हणे. मग तिच्या दारात कुणी फिरकेना. ती पाणवठ्यावर आली की बायका आपापली भांडी झाकून घेत.

त्या हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाला. घराघरांतलं धान्य संपलं. तेव्हा गावीना चीजचा मोठा गोल घेऊन दारोदार फिरली. एकही दार उघडलं नाही. शेवटी बाकीसियोने उघडलं, कारण त्याची धाकटी पीना भुकेने अंथरुणातून उठेनाशी झाली होती.

गावीनाने एक तुकडा कापून स्वतः खाल्ला.

"ती बाजू चांगली ठेवली असशील," तो म्हणाला. "इथून काप."

तिने तिथून कापून खाल्लं.

"आता मधून."

तिने मधूनही खाल्लं. तो तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिला. दुपार टळली, तिला काही झालं नाही. मग त्याने पीनाला भरवलं. अंधार पडायच्या आत सारा गाव गावीनाच्या दारात होता.

बर्फ वितळल्यावर बाकीसियो माफी मागायला गेला. चीजला तुझं नाव देतो, म्हणाला.

"माझं नको," गावीना म्हणाली. "ज्याच्यापायी दारं लावून बसलात, त्याचंच द्या."

ती मरेपर्यंत इथेच राहिली. पण यजमानाने पहिला घास खाल्ल्याशिवाय तिने कुणाच्याच घरी अन्नाला हात लावला नाही. कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

आजही मोन्तेलानात पाहुण्याआधी यजमान खातो. उद्धटपणा समजू नका. हे बघा, मी खाल्लं. आता तुमच्यासाठी कुठून कापू, ते तुम्हीच दाखवा.