झावळ्यांच्या रविवारची माती

हे बावखल. वसईत पावसाचं पाणी धरणाऱ्या तळ्याला बावखलच म्हणतात. पलीकडे खाडी, अलीकडे तळं आणि मध्ये हा शिंदीच्या झाडांचा बांध. जपून चाला. पाण्यात हात घालू नका हं ताई, आमच्यात ते चालत नाही.

झावळ्यांच्या रविवारी सगळीकडचे ख्रिस्ती लोक हातात झावळ्या उंचावून देवळात जातात. आमच्या बांधआळीत मात्र झावळीला कुणी हात लावत नाही. माणसं डोक्यावर मातीची पाटी घेऊन येतात, पाटी बांधावर रिती करतात आणि मग मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला जातात. बाहेरचे लोक कौतुक करतात, फोटो काढतात. कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही. ती शिक्षा आहे आणि ती आम्ही कमावलेली आहे.

सहा-सात पिढ्यांमागची गोष्ट सांगतात. तेव्हा बांधावर दीडशे शिंदी होत्या आणि त्यांच्या मुळांनी बांध धरून ठेवला होता. बावखलाचं पाणी इतकं गोड की शेजारच्या गावचे लोक लग्नाला इथून घागरी भरून नेत. बांधाच्या टोकाला आपोलीन नावाची विधवा राहायची. तिचा पानवेलीचा मळा याच पाण्यावर जगायचा. पावसाळा सरला की ती एकटीच बांधाची भोकं बुजवत फिरे. गाव तिला हसायचं. फुकट राबणाऱ्याला हसायची आमची रीत जुनीच आहे.

एका वर्षी बातमी आली की झावळ्यांच्या रविवारी खुद्द बिशप येणार. गावाच्या अंगात आलं. मुकादम होता कायतान फुर्ट्याड. तो म्हणाला, हिरव्या झावळ्या काय कुणीही आणील, आपल्या प्रत्येक हातात पांढरीशुभ्र झावळी दिसली पाहिजे. पांढरं पान शिंदीच्या पोटात, गाभ्यात असतं. ते हवं तर शेंडा चिरावा लागतो. शनिवारी सगळे बाप्ये कोयते घेऊन झाडांवर चढले. वरून स्तोत्रं गात होते, म्हणे!

आपोलीन खाली उभी राहून ओरडली, "अरे, पान घ्या, गाभा नका घेऊ! शिंदीला एकच डोकं असतं रे, ते परत नाय फुटत!"

कायतान वरूनच म्हणाला, "देवाच्या कामात आडवी येते काय गो? घरी जा."

मिरवणूक अशी झाली की बिशपही थक्क झाले, असं सांगतात. त्यांनी गावाच्या श्रद्धेची तारीफ केली. आपोलीन मात्र देवळात सर्वांत मागे बसली होती आणि तिच्या बाकावर कुणी बसलं नाही.

झाडांची डोकी एकेक करून गळाली. दोन वर्षांत मुळं कुजली. तिसऱ्या श्रावणात भर दुपारी उधाण आलं आणि बांधाला भगदाड पडलं. घंटा वाजली. गाव धावलं, पण कुठे? देवळात. पाद्री गुडघ्यांवर, गाव गुडघ्यांवर, लदीन सुरू झाली. एकेका संताचं नाव घ्यायचं आणि आमच्यासाठी विनंती कर म्हणायचं. लांबलचक प्रार्थना ती.

आपोलीन एकटी भगदाडात माती टाकत होती. लदीन चालू होती तोवर तिची माती टिकली, असं म्हणतात. देवाने तेवढा वेळ दिला होता म्हणे. लदीन संपवून गाव बांधावर आलं तेव्हा खाडी आत शिरली होती आणि पाण्यावर नुसती तिची पाटी तरंगत होती. आपोलीन काही सापडली नाही. आठ दिवसांत तिच्या पानवेली काळ्या पडल्या आणि गावाच्या विहिरी खारट झाल्या.

मग मात्र पाद्री स्वतः झगा खोचून मातीत उतरले. सगळ्या गावाने बांध पुन्हा घातला, नव्या शिंदी लावल्या आणि नवस केला: बावखलाचं पाणी गोड होईपर्यंत आमच्या हातात झावळी नको, डोक्यावर माती असू दे. दर साली गावातली सर्वांत वयस्कर बाई एक घोट घेऊन चव सांगेल आणि ती गोड म्हणेपर्यंत इतर कुणी थेंबही चाखायचा नाही.

आता घरोघरी नळ आहेत, चाखायची कुणाला पडलीय? पोरं विचारतात, हे खारं पाणी भरूनच टाकू या का? मंडप घालायला जागा होईल.

गेल्या चार सालांपासून चव सांगते ती माझी थोरली बहीण, ब्रिजित. तिला नव्वदी उलटलीय. यंदाही तिने घोट घेतला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "खारं!" लोकांनी मुकाट्याने पाट्या रित्या केल्या.

तुम्ही परगावचे, म्हणून सांगतो. तिला धरून घरी नेताना मी विचारलं, "बाय, एवढ्या वर्षांत जरा तरी उतार नाय?"

ती म्हणाली, "बस्त्यांव, मी पहिल्या साली घोट घेतला तेव्हाच गोड होतं. माझ्या आधी चव सांगणाऱ्या बाईनेही मला तेच सांगितलं होतं. गोड म्हटलं तर पुढच्या साली एक तरी पाटी येईल काय रे?"

मी माझं गाव ओळखतो.

आजही, कुणालाही विचारा, आमच्या बावखलाचं पाणी खारं आहे.