हंड्यातले सवाल

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता आणि त्याची एक लढाई होती. बारा वर्षं झाली, लढाई काही आटपेना. पण नगरात आनंदीआनंद! रोज सकाळी सात दवंडीवाले सात वेशींवर हलग्या बडवत, "ऐका हो ऐका, महाराजांचा विजय झाला!" आणि लोक साखर वाटत. सगळ्यांत मोठा आवाज तुळाजीचा. डोक्याला जरीची पगडी, दरबारात राजाशेजारी बैठक. ऐट काय विचारता!

पूर्वी असं नव्हतं बरं का. पूर्वी दवंडीवाला आधी दरबारात उभा राहून राजाला तीन सवाल टाकी. कोणी पाहिलं? कोण पडलं? कशासाठी? उत्तरं मिळाली तरच हलगीवर हात पडे. सवालाला खरं उत्तर द्यायची शपथच राजाच्या पणज्यानं साऱ्या घराण्यासाठी वाहिली होती. लढाई लागली तेव्हा मांत्रिक प्रधान धूम्रनाथ गोड हसून म्हणाला, "संकटकाळी सवाल म्हणजे शत्रूला वाट दाखवणं. या हंड्यात ठेवा. लढाई संपली की घेऊन जा." सातही जणांनी आपापले सवाल तांब्याच्या हंड्यात थुंकून टाकले. जबरदस्ती कोणी केली नाही हो! पहिला पुढे झाला तो तुळाजीच.

तुळाजीचा एकुलता मुलगा रायाजी त्याच लढाईवर गेला होता. एके सकाळी सून द्वारका भाकरी वाढताना म्हणाली, "मामंजी, बारा वर्षं आपण रोज जिंकतो. मग हे घरी का येत नाहीत? महाराजांना एवढं विचारा."

तुळाजी दरबारात गेला. तोंड उघडलं. सवाल काही घशातून निघेना, आणि बाहेर आलं ते "महाराजांचा विजय असो!" दरबारानं माना डोलावल्या. तुळाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो नदीकाठी वाळूत डोकं धरून बसला. तिथं एक टिटवी अंडी उबवत होती. ती म्हणाली, "मी रणावरून उडून आले. तिथं विजय नाही, दोन्हीकडची माणसं नुसती मरतात. प्रधानाचा शापच आहे तसा. लढाई संपल्याशिवाय हंडा उघडायचा नाही, आणि हंडा उघडल्याशिवाय लढाई संपायची नाही."

"माझा रायाजी..." तुळाजीला पुढचं विचारता येईना.

"माणसांची नावं मला कळत नाहीत. हंडा टेकडीच्या गुहेत आहे, वर नाग बसलाय. तो मागेल ते दिलंस तरच शाप तुटेल. ऊठ, जा."

तुळाजी गुहेत शिरताच नागानं फणा काढला. "तीन गोष्टी दे. पहिली, पगडी." तुळाजीनं काढून दिली. "दुसरी, राजाशेजारची बैठक." तुळाजीनं तिच्यावरही पाणी सोडलं. "तिसरी. चौकात जा आणि खोटं बोललास, हे सगळ्यांना सांग."

पगडी काय, गेली तर गेली. पण बारा वर्षं ज्या तोंडानं ओरडलो त्याच तोंडानं हे सांगायचं? मग रायाजी डोळ्यांपुढे आला आणि तो निघाला.

भर दुपारी चौकात हलगी वाजली. "ऐका हो ऐका! कालचा विजय मी पाहिला नाही. परवाचा नाही. बारा वर्षांत एकही पाहिला नाही. मी खोटं ओरडलो!"

बाकीचे सहा दवंडीवाले किंचाळले, "फितूर! फितूर!" आणि दगड सुरू झाले. एक तुळाजीच्या कपाळाला लागला, भळाभळा रक्त आलं. द्वारका पदर खोचून त्याच्यापुढे उभी राहिली. "मारा की! पण माझा नवरा कुठं आहे ते सांगा आणि मग मारा!"

तिकडे गुहेत हंड्याचं झाकण उडालं. सवाल सुसाट आले आणि ज्याच्या त्याच्या घशात जाऊन बसले. ते सहाजण "फितूर" म्हणता म्हणता एकदम ओरडले, "कोणी पाहिलं?" आणि खुळ्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले.

सातही जण दरबारात शिरले. मागे सारं नगर.

"महाराज, कोणी पाहिलं?" तुळाजीनं विचारलं.

शपथेनं बांधलेला राजा उठला. "मी नाही. प्रधानजी सांगत, मी ऐके." धूम्रनाथाचा कमरेपर्यंत धूर झाला.

"कोण पडलं?"

"मी विचारलं नाही." धूर गळ्यापर्यंत चढला.

"कशासाठी?"

राजा मान खाली घालून म्हणाला, "आता आठवत नाही." उरलासुरला प्रधान धूर होऊन गवाक्षातून निघून गेला. राजा म्हणाला, "लढाई थांबवा. आजच."

रणावरून यादी मागवून पडलेल्यांची नावं राजानं स्वतः वाचली आणि एकेका नावाला तुळाजीनं हलगी दिली. एकही नाव चुकवलं नाही. यादी संपली. रायाजीचं नाव आलं नाही. द्वारका मटकन खाली बसली, पण हसली नाही. शेजारच्या दोघी रडत होत्या.

आठव्या दिवशी फौज वेशीत आली. काय तो जल्लोष! रायाजीचा एक हात गेला होता. तो बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, तुमची दवंडी तिकडे पोचायची. आम्ही प्रेतं उचलत असायचो."

"चुकलो रे पोरा," तुळाजी म्हणाला, आणि भर वेशीत सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला.

राजानं आठवी हलगी करवून द्वारकेच्या हातात दिली, कारण पहिला सवाल तिचा होता. पुढे त्या राज्यावर लढाया आल्या असतील, नसतील. पण द्वारकेला उत्तर दिल्याशिवाय एकही सुरू झाली नाही. जशी तिची माणसं घरी आली, तशी तुमची आमची येवोत.