निजलेल्या आईची घंटा

फार फार वर्षं झाली. तेव्हा वाघोटपाड्याला ना रस्ता होता, ना दुकान. होती ती देवराई, आणि राईच्या पोटात बारमाही झरा. राईत रानआई निजलेली असते, म्हणून आत जायचं ते अनवाणी आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, अशी पाड्याची रीत. टाळीसुद्धा वाजवायची नाही. पोरांनो, तुमची काय गत झाली असती तिथं!

ही रीत सांभाळायची जिवली भगतीण. झाडपाल्याचं औषध तिच्याकडे, देवीशी बोलणं तिच्याकडे, आणि जिभेचं तर विचारूच नका, त्यापेक्षा मिरची परवडली. तिनं कपाळाला हात लावला की ताप डोंगर ओलांडून पळायचा, असं म्हणतात.

एक दिवस समुद्रापलीकडून एक पाद्री आला. ताडमाड उंच, लालबुंद, मराठी पुस्तकातून शिकलेला. माणूस मनाचा चांगला हो, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. पितळी घंटा घेऊन तो थेट राईत शिरला, तोही बुटांसकट. जिवलीनं वाट अडवली.

"आई निजलीय. आवाज करू नको."

"भगिनी," पाद्री म्हणाला, "खरा देव कधीच झोपत नाही!"

आणि त्यानं ऐनाच्या झाडाच्या फांदीला घंटा बांधून दणादण वाजवली.

झालं! वर आग्या मोहोळ होतं. काळा ढगच खाली उतरला. टोपी एकीकडे, बूट दुसरीकडे, पाद्री तिसरीकडे! जिवलीनं त्याचं मानगूट धरून त्याला झऱ्यात बुचकळला, म्हणून वाचला. सात दिवस त्याच्या तोंडाचा भोपळा झाला होता. जिवली पाला वाटून लावायची आणि मंत्र म्हणायची, तो पडल्या पडल्या प्रार्थना करायचा. गुण कशानं आला, यावर पाड्यात अजून भांडण आहे.

त्यानंतर पाद्रीनं बूट सोडले. दोघं रोज देवावरून भांडायचे आणि रोज एका चुलीवरची नाचणीची भाकर खायचे. ना तिनं आपली देवी सोडली, ना त्यानं आपला प्रभू. घंटा मात्र फांदीलाच राहिली. काढायला वर चढायची छाती कुणाची?

मग आला लाकडाचा ठेकेदार. चाळीस कुऱ्हाडी आणि एक सरकारी कागद. अख्खी राई तोडणार म्हणे! राई गेली की झरा आटणार, झरा आटला की पाडा उठणार. पाद्री हात जोडून पुढं झाला. ठेकेदारानं त्याच्या नाकापुढं कागद नाचवला. पहिली कुऱ्हाड ऐनावर पडली.

जिवलीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिला रडताना पाड्यानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "पाद्री, तुझा देव जागा असतो ना? मग आज आमच्या आईला उठव."

पाद्रीनं आकाशाकडं पाहिलं, छातीवर क्रूस केला आणि घंटेचा दोर धरला.

घंटा वाजली, मोहोळ पुन्हा उठलं, पाडा जमिनीवर पालथा पडला. पाद्री मात्र ताठ उभा राहून वाजवत राहिला. त्याला एकही माशी चावली नाही, असं म्हणतात. ठेकेदार धावत थेट समुद्रापर्यंत गेला, असंही म्हणतात. समुद्र तिथून तीन दिवसांच्या वाटेवर, पण मी कशाला मोजायला जाऊ! कागद झऱ्यात पडला नि विरघळला. पुन्हा कुणी कुऱ्हाड घेऊन आलं नाही.

त्या संध्याकाळी पाद्रीनं आपला सदरा फाडला आणि घंटेचा लोलक त्यात गुंडाळला. "आता निजू दे तिला," तो म्हणाला. पुढं दोघं म्हातारे झाले आणि झऱ्याकाठी शेजारी शेजारी विसावले. तिथंही भांडत असतील, दुसरं काय!

आजही नवा भात तोंडात घालण्याआधी चर्चवाले आणि देवीवाले मिळून अनवाणी राईत जातात. कुणी बोलत नाही. पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई लोलकाला नवं फडकं गुंडाळते आणि घंटेला तोंड लावून हळूच सांगते, "नीज, आई. आम्ही जागे आहोत."